आधी एरो, मग काम

फिनलंडमधल्या पिएलिनेन तळ्याच्या पूर्वेच्या काठाने जो रस्ता जातो त्यावर एकशे बारा टपालपेट्या आहेत, आणि इल्पो कुइत्तिनेन त्यांतल्या एकशे अकरांना मनातल्या मनात नमस्कार करतो. गाडी पेटीला लावायची, काच खाली करायची, पत्रं आत सरकवायची आणि पेटीवरचं नाव ओठांतल्या ओठांत म्हणायचं. ही त्याची जुनी खोड. रस्त्याच्या शेवटी राहणाऱ्या ल्यूली आजीने एकदा त्याला पकडलंही होतं.

"काय पुटपुटतोस रे? माझ्या पेटीला शिव्या देतोस का?"

"नमस्कार करतो, आजी."

"पेटीला? मग मला कर की. मी काय इथे झाड म्हणून उभी आहे?"

राहिलेली एक पेटी वेसाची. तिथे इल्पो काच खाली करतो, पत्रं टाकतो, काच वर करतो. पेटीपासून घर साठ पावलांवर. कधी स्वयंपाकघराच्या खिडकीत वेसा कप घेऊन उभा दिसतो, पण दोघांपैकी कोणी हात वर करत नाही. वेसा गावी परत आला त्याला अकरा वर्षं झाली, आणि त्याआधीची एकवीस धरली तर बत्तीस वर्षं हे दोघं मिठाची गुळणी धरून आहेत. आमच्याकडचे पुरुष बोलके नसतात हे मान्य, पण बत्तीस वर्षं म्हणजे जरा अतीच झालं.

एके काळी चौघांचा एक गट होता. नाव कूरा. कडाक्याच्या थंडीत सकाळी बर्चच्या फांद्यांवर जो पांढरा काटा फुलतो, तो कूरा. सन अठ्ठ्याऐंशी, पोरं चौदा-पंधराची. वेसाला मामाने अमिगा नावाचा कॉम्प्युटर घेऊन दिला होता, आणि त्या वर्षांत फिनलंडच्या गावोगावी पोरांना जो नाद लागला होता तो आमच्या नुर्मेस गावालाही लागला. डेमो करायचा नाद. डेमो म्हणजे चार-पाच मिनिटांचा चित्रांचा आणि सुरांचा खेळ. तो फक्त बघायचा, खेळायचा नाही, आणि त्याचा उपयोग शून्य. मशीन बनवणाऱ्यांनी जे याला जमणार नाही असं म्हटलं असेल तेच त्याच्याकडून करून घ्यायचं आणि लोकांना दाखवायचं, एवढंच. आमच्याकडे माणसं तळ्याच्या बर्फाला भोक पाडून दिवसभर एका माशासाठी बसतात, त्यांनाही कोणी उपयोग विचारत नाही.

वेसा प्रोग्राम लिहायचा. एरो संगीत करायचा. औती चित्रं काढायची, एकेक ठिपका मांडत, रांगोळी घालावी तशी. इल्पोला यातलं काहीच येत नव्हतं. त्याच्या घरी मशीनही नव्हतं. आई डेअरीत कामाला, घरात तिघं भावंडं. पण त्याचं अक्षर सुरेख होतं आणि चिकाटी बैलाची. इंटरनेट तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, टपाल पोचत होतं. म्हणून प्रत्येक गटाला एक असा माणूस लागायचा, जो आपल्या फ्लॉपी डिस्का टपालाने जगभर धाडेल आणि जगाच्या इकडे मागवेल. कूराचा तो माणूस इल्पो. बाकीचे त्याला टपाल्या म्हणत. नॉर्वे, हंगेरी, पोर्तुगाल, कुठे कुठे त्याचे पत्रमित्र होते, आणि प्रत्येकाला डिस्कबरोबर दोन पानी पत्र जायचं.

तिकिटांसाठी एक लबाडी होती, ती जगभरचे सगळे टपाले करत. तिकिटावर गोंदाचा पातळ हात फिरवायचा. शिक्का गोंदावर बसतो. कोमट पाण्यात टाकलं की गोंद सुटतो, शिक्का जातो, तिकीट पुन्हा कोरं. पत्राच्या शेवटी न चुकता लिहायचं: तिकीट परत पाठव. आणि हाच मुलगा पुढे टपाल खात्यात लागला. देवालाही विनोद कळतो.

चौघं जमायचे वेसाच्या घराच्या माळ्यावर. माळ्याला शेगडी नव्हती. मशीन गार पडलं की डिस्क अडकायची, म्हणून वेसा ते बंदच करत नसे. ऑक्टोबरात सुरू केलेलं मशीन एप्रिलपर्यंत चालूच, आणि मग सवयीने उन्हाळ्यातही. मांजर त्याच्या मागच्या बाजूला ऊब खात पसरलेलं असायचं. कामाला बसण्याआधी एक रिवाज होता. एरोची पहिली धून ज्या डिस्कवर होती ती लावायची, तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून ऐकायची, आणि मगच दोन-तीन कळा एकदम दाबून कामाची डिस्क घालायची. "आधी एरो, मग काम," वेसा म्हणायचा. देवापुढे नैवेद्य ठेवल्याशिवाय कोणी ताटावर बसत नाही, तसं. ती धून मोठी विलक्षण होती. दूर कुठेतरी तळं गोठताना बर्फ जो हुंकार देतो, तो तिच्या तळाशी होता. इल्पो डोळे मिटायचा, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे पट्टे हलायचे.

पुढे वाईट दिवस आले, कारखाने बंद पडले, आणि एक्क्याण्णवच्या वसंतात एरोचे वडील कुटुंब घेऊन स्वीडनला कामाला गेले. एरोही गेला. रिवाज राहिला. नव्या डेमोच्या धुना त्याने गोटेबोर्गहून टपालाने पाठवल्या, इल्पोच्या नावाने, आणि इल्पो ते पाकीट छातीशी धरून सायकलवरून वेसाकडे गेला.

त्या डेमोचं नाव 'बर्फाखालून'. वेसा त्यावर सव्वा वर्ष बसला होता. बघणारा तळ्याच्या तळाशी आहे. वर बर्फाचं छत, त्यातून दुधी उजेड झिरपतोय, वरून कोणी स्की करत जातंय, त्याच्या स्कींच्या दोन लांब सावल्या सरकताहेत. पाणी हलतंय, मासे हलताहेत, उजेडाच्या घड्या पडताहेत. मग छत तडकतं आणि माणूस वर येतो, आणि वर सगळीकडे बर्चवर कूरा फुलत जातो, ठिपक्या-ठिपक्याने, सबंध पडदा पांढरा होईपर्यंत. शेवटी, रीतीप्रमाणे, नमस्कारांची ओळ. प्रत्येक डेमोच्या शेवटी खालून अक्षरांची एक ओळ सरकत जाते, आणि तीत दुसऱ्या गटांना नावं घेऊन नमस्कार घातलेले असतात. आपलं नाव त्या ओळीत यावं म्हणून पोरं जीव टाकायची. घरच्या माणसांना मात्र कोणी नमस्कार घालत नाही. तो रिवाजच नाही. ती ओळ वेसाने सगळ्यांत शेवटी लिहिली आणि कोणाला दाखवली नाही.

"तिकडेच वाचा," तो म्हणाला. "मोठ्या पडद्यावर."

ब्याण्णवच्या जुलैत दक्षिणेतल्या एका शहरात, बर्फ-हॉकीच्या हॉलमध्ये, स्पर्धा होती. औतीला स्ट्रॉबेरीच्या शेतावर काम होतं, ती आली नाही. वेसा आदल्या दिवशी मामाबरोबर गेला आणि डिस्क मागे ठेवली, कारण पहाटेपर्यंत शेवटची एक लाट नीट करत बसल्यावर त्याला डिस्कला हात लावायचा धीर उरला नव्हता. "तू आण," तो इल्पोला म्हणाला. "माझ्या हातून ती पडेल." इल्पो नऊ तास बसमध्ये डिस्कची पिशवी मांडीवर घेऊन बसला. लघवीलाही उतरला नाही.

हॉलमध्ये पोचला तेव्हा दुपार होती, आणि त्याला कॉफीची तलफ आली होती. कॉफी एका हातात, पुल्ला, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, दुसऱ्या हातात. पिशवी त्याने क्षणभर शेजारच्या काळ्या खोक्यावर ठेवली. दोन घोट झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते खोकं म्हणजे ध्वनिक्षेपक आहे. ध्वनिक्षेपकात लोहचुंबक असतं आणि लोहचुंबकाने डिस्क मरते, हे तो स्वतः पोर्तुगालच्या पोराला पत्रातून शिकवत आला होता. त्याने झटकन पिशवी उचलली. वेसाला त्याने ते लगेच सांगितलंही. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, हा प्रश्न त्याने पुढे किती वेळा स्वतःला विचारला असेल.

नऊशे पोरं जमिनीवर पथाऱ्या टाकून बसली होती. मशीन सुरू केलं, डिस्क घातली, 'कूरा' ही अक्षरं उमटली. पाणी आलं. आणि पहिल्याच लाटेला पडद्याचे उभे पट्टे झाले, एक घरघर आली आणि सगळं थिजलं. संयोजकाने मशीन बंद करून दोनदा पुन्हा लावलं. तेच. कोणीतरी शिट्टी मारली, बाकीचे हसले. हसणं वाईट मनाचं नव्हतं, पण अठराव्या वर्षी ते कोणाला कळतं?

वेसा हसला नाही आणि ओरडलाही नाही. डिस्क काढून त्याने इल्पोच्या हातात दिली.

"तुला एकच काम होतं," तो म्हणाला. "ठेव तुझ्याकडेच."

घरी जाऊन त्याने मागे ठेवलेली दुसरी प्रत माळ्यावरच्या मशीनमध्ये घातली. ती सुरळीत चालली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. झालं, पुरावाच मिळाला. खापर फुटायचं तिथे फुटलं. ऑगस्टात वेसा मशीन आणि सगळ्या डिस्का विकून शिकायला गेला, आणि कूरा संपला.

इल्पोचं पुढचं आयुष्य चारचौघांसारखं गेलं. टपालात लागला, लग्न झालं, मोडलं, मुलगी योएन्सू शहरात नर्स आहे. कोणाशी वाकडं नाही. पण एक गोष्ट रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे: कोणाचं नाजूक पार्सल असेल तर तो ते मागे ठेवत नाही, सीटवरही ठेवत नाही. मांडीवर घेऊन गाडी चालवतो. लोकांना वाटतं, किती काळजीचा माणूस. त्याला स्वतःला वाटतं, आपण एक गोष्ट दोन घोटांसाठी खाली ठेवली आणि चार जणांचं स्वप्न पुसलं. ती डिस्क त्याने पलंगाखाली बुटांच्या खोक्यात जपून ठेवली होती, टपालाने धाडायच्या बाकीच्या डिस्कांच्या प्रतींबरोबर, त्यांत एरोची पहिली धूनही होती. लावून बघायला मशीन नव्हतं, आणि असतं तरी धीर नव्हता.

गेल्या डिसेंबरात औतीने त्याला टपाल कचेरीच्या मागच्या दाराशी गाठलं. ती आता गावच्या लायब्ररीत असते. केस पिकले, बोलणं तेच.

"लायब्ररीत जुन्या मशीनचं प्रदर्शन मांडलंय. एक अमिगा मिळालाय, चालू. तुझं खोकं आण."

"कशाला?"

"पोरांना दाखवायला. तुझ्या पलंगाखाली ते काय अंडी घालणार आहे?"

त्याने खोकं दिलं. एक डिस्क तेवढी काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी फेरी आटोपून तो लायब्ररीत गेला. तीन वाजले होते. सूर्य केव्हाच बुडाला होता, खिडक्यांबाहेर बर्फ निळा पडला होता आणि आतही सगळं त्या निळ्यात भिजल्यासारखं दिसत होतं. शाळेची पोरं नुकतीच गेली होती. जाताना त्यांनी एरोची पहिली डिस्क लावून ठेवली होती, आणि ती धून रिकाम्या खोलीत एकटीच वाजत होती. इल्पो खुर्चीवर बसला. डोळे मिटले. हिरवे-जांभळे पट्टे अजून तिथेच होते. पन्नाशीचा माणूस, अंगात टपाल्याचं जाकीट, बुटांतून बर्फाचं पाणी गळतंय, आणि तो माळ्यावर मांजराशेजारी बसलेला. धून संपली तेव्हा त्याचे हात आपोआप हलले. एरोची डिस्क काढली, खिशातली घातली, कळा दाबल्या.

पाणी आलं. लाट आली आणि मोडली नाही.

तो तळ्याखाली होता. छतातून उजेड गळत होता, दोन सावल्या वरून संथ सरकत गेल्या, आणि त्याला वाटलं की त्या वेसाच्या पेटीपाशी थांबून निघून जाणाऱ्या आपल्याच गाडीच्या चाकांच्या आहेत. छत तडकलं. कूरा फुलत गेला, फांदीफांदीवर, ठिपका ठिपका. मग ओळ सरकू लागली. नॉर्वे, हंगेरी, पोर्तुगाल. त्याने पत्रं लिहिलेली सगळी नावं. आणि शेवटी, थोडी जागा सोडून:

आणि एक नमस्कार घरच्या माणसाला. रिवाज नाही, पण असू दे. इल्पो, हे सगळे जे बघताहेत ते तू इथवर आणलंस म्हणून बघताहेत.

औती पुस्तकांची गाडी ढकलत आली तेव्हा तो रडत होता, आणि लपवतही नव्हता. तिने कॉफी आणून ठेवली, मशीनपासून लांब.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. लायब्ररी उघडताच तो हजर. बटण दाबून मशीन सुरू केलं, डिस्क घातली. पाणी, उभे पट्टे, घरघर. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तेच, अगदी हॉलमधल्यासारखं.

"काल चालली होती," तो औतीला म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघितली."

"मग काल काय वेगळं होतं?"

पत्ता चुकलेलं पत्र पोस्टमन जसं उलटसुलट करून बघतो तसा तो त्या मशीनकडे बघत बसला. मग त्याने एरोची डिस्क लावली. तीन मिनिटं थांबला. मशीन बंद न करता दुसरी घातली, कळा दाबल्या. चालली. तेव्हा त्याला कळलं घोडं कुठे पेंड खात होतं. भांडं न विसळता त्यात दुसरी भाजी टाकावी तसं पहिल्या डिस्कचं काहीतरी मशीनमध्ये उरत होतं, आणि दुसरी त्याच्यावरच चालत होती. वेसाने ते मशीन कधी बंदच केलं नव्हतं. एरोला ऐकल्याशिवाय तो कधी कामाला बसलाच नव्हता. हॉलमधलं मशीन मात्र कोरं होतं. त्याने एरोला कधी ऐकलं नव्हतं. डिस्क पहिल्या दिवसापासून धडधाकट होती. ध्वनिक्षेपकाने तिचं काही बिघडवलं नव्हतं. इल्पोनेही नाही.

औतीला वाटलं तो आनंदाने उडी मारेल. तो संतापला. आयुष्यात पहिल्यांदा संतापला, आणि सवय नसल्यामुळे काय करायचं ते त्याला कळेना. घरी जाऊन त्याने चार पानी पत्र लिहिलं. बत्तीस वर्षं, एकेक पार्सल, मांडी, सगळं. चूक तुझी होती, आणि ती माझ्या गळ्यात बांधून तू निघून गेलास. सुरेख अक्षरात लिहिलेला राग फार भयंकर दिसतो. त्याने ते पुन्हा वाचलं, आणि वाचताना ती ओळ मध्ये मध्ये सरकत राहिली: रिवाज नाही, पण असू दे. जो हे लिहितो त्यानेच दुसऱ्या दिवशी 'तुला एकच काम होतं' म्हणावं, आणि मग खिडकीत कप घेऊन उभं राहावं. वेसाचीही बत्तीस वर्षं झालीच की. त्याने पुन्हा एकही डेमो केला नव्हता. लिफ्टचे प्रोग्राम लिहीत आला, माणसं वर नेणारे, खाली आणणारे.

इल्पोने चार पानं शेगडीत घातली आणि एका चिठ्ठीवर लिहिलं:

डिस्क चांगली आहे. लायब्ररीत आहे. आधी एरो.

आणि खाली, सवयीने: तिकीट परत पाठव. तिकिटावर गोंदाचा हात फिरवला. पेटीत स्वतःच्या हाताने टाकता आलं असतं, पण त्याने ते गावातल्या पिवळ्या टपालडब्यात टाकलं. दूरच्या शहरात जाऊन, शिक्का घेऊन, दोन दिवसांनी ते त्याच्याच गठ्ठ्यात परत आलं. वेसाच्या पेटीपाशी त्याने काच खाली केली, पत्र टाकलं, काच वर केली. खिडकीत कोणी नव्हतं.

दोन दिवस काही झालं नाही. बत्तीस वर्षांत न वाटलेली भीती त्याला त्या दोन दिवसांत वाटली: की आता आपलं चुकलं नव्हतं हे ठाऊक असूनही काही बदलणार नाही.

तिसऱ्या दिवशी पारा उणे चोवीसवर होता. सगळ्या बर्चवर कूरा फुलला होता आणि रस्ता झोपेतल्यासारखा पांढरा होता. वेसा पेटीपाशी उभा होता. टोपी नाही, भुवयांवर बर्फ. बराच वेळ उभा असावा. इल्पोने गाडी लावून काच खाली केली. वेसाने हातमोजा काढून तळवा पुढे केला. त्यावर एक तिकीट होतं, धुतलेलं, कोरं, कडा थोड्या वळलेल्या.

"तिकीट परत," वेसा म्हणाला.

इल्पोने ते घेतलं.

"काल लायब्ररीत गेलो होतो," वेसा म्हणाला. "लाटांचा तक्ता. पाणी त्यावरच हलतं. मी तो डिस्कवर घातलाच नव्हता. एरोच्या डिस्कवरचा उचलत होतं ते. शिकाऊ पोरगंसुद्धा आधी मशीन बंद करून बघतं. मी एकदा, एकदा जरी ते बंद केलं असतं."

एवढं तो गेल्या अकरा वर्षांत कोणाशीच बोलला नसेल. इल्पोजवळ सांगायला चार पानं होती. ती त्याला अजून तोंडपाठ होती.

"माळ्यावर थंडी होती," तो म्हणाला.

वेसाने मनगटाने नाक पुसलं.

"आत ये. कॉफी ठेवलीय."

इल्पोचा हात किल्लीकडे गेला आणि थांबला. अशा थंडीत फेरीवर कोणी पोस्टमन गाडी बंद करत नाही.

"कर बंद," वेसा म्हणाला. "नाही सुरू झाली तर दोघं ढकलू."

इल्पोने किल्ली फिरवली. मांडीवर ल्यूली आजीचं काचेच्या भांड्याचं पार्सल होतं. ते त्याने शेजारच्या सीटवर ठेवलं आणि खाली उतरला.